पाव मैलातला पाव सेकंद

मी, ऑर्व्हिल जेम्स स्टकी, वय वर्षे शहात्तर, धंदा मोटार मेकॅनिक (आता निवृत्त), राहणार मिलफोर्क, ओहायो, माझ्या पश्चात वाद होऊ नयेत म्हणून हे स्वखुशीने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी कर्तव्य नाही.

१. राहतं घर व बँकेतली शिल्लक माझ्या बहिणीचा मुलगा केंट यास मिळावी. स्वयंपाकघरातला नळ गळतो. त्यासाठी प्लंबर बोलावू नये, मला मेल्यावरही लाज वाटेल.

२. गॅरेजमधली हत्यारं गावच्या शाळेच्या मोटार वर्गाला द्यावीत. चुलतभाऊ फ्लॉइड याने १९८८ साली दोन दिवसांसाठी नेलेला टॉर्क पाना त्यालाच बक्षीस दिला असे समजावे. छत्तीस वर्षं त्या पान्यावरून चिडलो, आता कंटाळा आला.

३. माझी १९७१ची प्लायमाउथ डस्टर, तीनशे चाळीस घनइंची इंजिनासह, मार्लिस हेकमन हिला मिळावी. "मामा, मला का नाही?" असं केंट विचारेल. म्हणून कारण नोंदवतो.

१९७२च्या उन्हाळ्यात मार्लिसकडे शेव्हरोलेची नोव्हा होती, तीनशे पन्नासचं इंजिन असलेली. दर रविवारी आम्ही पाव मैलाच्या सरळ शर्यतीच्या पट्टीवर भेटायचो आणि भांडायचो. माझं म्हणणं, तीनशे चाळीस दहा इंचांनी लहान असलं तरी मोकळा श्वास घेतं आणि जोरात फिरू लागलं की पळतं. ती म्हणायची, "तुझं इंजिन गातं छान रे, पण जागचं हलायला वेळ लावतं. मालकावर गेलंय." या बोलण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

ऑगस्टात पैज लागली. जो हरेल त्याने जिंकणाऱ्याच्या एका प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं. वेळ नोंदवायला टॉवरवर लेस्टर बॉग्ज होता. तो फोर्डवाला, म्हणजे आमच्यापैकी कुणाच्याच बाजूचा नाही, त्यामुळे त्याचा निकाल दोघांनाही मान्य होता.

शर्यत मी हरलो, अर्ध्या गाडीने. पण लेस्टरने हाताने लिहून दिलेल्या चिठ्ठ्यांवर माझी वेळ तेरा पूर्णांक एकाहत्तर सेकंद होती आणि तिची तेरा अठ्ठ्याऐंशी. प्रत्येकाचं घड्याळ त्याची गाडी रेषेवरून हलल्यावर सुरू होतं. हिरवा दिवा लागल्यावर ड्रायव्हर किती वेळ बसून राहिला, ते त्या काळी चिठ्ठीवर येत नसे.

मार्लिसने बोनेटला टेकून विचारलं, "पाव सेकंद उशिरा सुटलास. का रे?"

मी म्हणालो, "क्लच घसरला." आणि वर चिठ्ठी तिच्या नाकासमोर नाचवली. "पण इंजिन कुणाचं भारी, ते वाच!"

तिने ती वाचली. "बरं," म्हणाली. पुढच्या वसंतात तिने टोलेडोच्या एका दंतवैद्याशी लग्न केलं. दर नाताळला तिचं कार्ड येतं, "क्लच बदललास का?" एवढंच लिहिलेलं. ती सगळी कार्डं मी जपली आहेत. लग्न मी केलं नाही. करावंसं वाटलं ते एकदाच.

४. माझ्या मृत्यूनंतर पुढील मजकूर मार्लिसला वाचून दाखवावा: क्लच घसरला नव्हता. हिरव्याआधीचे पिवळे दिवे वरून खाली एकेक लागत असताना तू काचेवरची धूळ कोपराने पुसलीस आणि माझ्याकडे बघून हसलीस. मी तुझ्याकडे बघत राहिलो. हिरवा कधी लागला, मला माहीत नाही.

इथवर लिहून मी कागद साक्षीदारांना वाचायला दिला. लेस्टर म्हणाला, "गाढवा, तू कुठे बघत होतास ते टॉवरवरून दिसलं होतं मला. आणि हे तिला कधी कळणार?"

"मी गेल्यावर."

"म्हणजे हिरवा लागलाय आणि तू परत रेषेवरच!"

शेजारच्या नदीन प्रुइटनेही सुनावलं, "ऑर्व्हिलकाका, तिचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली. गाडी चालते ना तुमची?"

गाडी चालते. दर शनिवारी सुरू करतो. कुणासाठी, ते आजवर कुणी विचारलं नव्हतं.

५. कलम चार रद्द. उत्तर मी स्वतः देईन. बाकी कलमं कायम.

सही: ऑर्व्हिल जे. स्टकी
मिलफोर्क, ओहायो. शनिवार, १४ सप्टेंबर २०२४, सकाळी सव्वानऊ.

साक्षीदार: नदीन प्रुइट. लेस्टर बॉग्ज.

वरील इसमाने आम्हा दोघांदेखत सही केली व शाई वाळायच्या आत गाडी काढली. सुटायला अजिबात उशीर केला नाही, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. — ले. बॉग्ज