सुलासाठी गार हवा

१२ एप्रिल, शनिवार

वहीबाई, माफ कर. बरेच दिवस तुला उघडलं नाही. बोटं पत्र्यानं कापली आहेत, पेन धरवत नव्हतं.

सुला नांदगावला भावाकडे जाऊन बसली आहे. जाताना म्हणाली, "या घरात जीव गुदमरतो." खरंच आहे, स्वयंपाकघर म्हणजे भट्टी. म्हणून अख्ख्या घराला एकच मोठा एसी, आणि पत्र्याच्या डक्टमधून खोलीखोलीत गार हवा. डक्ट मी स्वतः बसवणार. सातवी नापास असलो तरी सातपूरच्या कारखान्यात जन्मभर पत्राच कापला. त्यातून हवा कशी फिरते ते साहेब लोक बघायचे.

पुण्याहून राकेशचा फोन. "बाबा, हॉलमध्ये साधा एसी लावा ना." लावतो. आणि तुझी आई हॉलमध्ये भाकरी थापेल.

१५ एप्रिल

शेजारचा रविराज मदतीला आला. शिडीवर तो, खाली मी. शिडी हलत नाही ना, रिव्हेट घट्ट बसलं ना, पंख्याचं बटण बंद आहे ना— काळजी कोणीतरी करायला नको? तो म्हणाला, "काका, तुम्ही चहा घेऊन या." चहा नुकताच झाला होता.

१८ एप्रिल

सुलाला फोन केला. मेहुण्यानं उचलला, सहादूनं. विचारलं— तिनं गोळी घेतली का, रात्री कडी लावता का, गॅसची नळी तपासली का? म्हणाला, "दाजी, ताई शेजारी पापड लाटायला गेली. लय हसत्यात बाया तिथं."

पापडात हसण्यासारखं काय असतं?

२२ एप्रिल

खोल्यांतली हवा परत ओढायची जाळी कुठे बसवायची? रविराज म्हणाला पॅसेजमध्ये. म्हटलं, गरम हवा स्वयंपाकघरात, तर ओढायचीही तिथूनच. शेगडीच्या बरोबर वर बसवली. अक्कल काय शिकलेल्यांनाच असते!

एसी चालू केला आणि ठेच्याच्या मिरच्या तव्यावर टाकल्या. हॉलमध्ये ठसका, बेडरूममध्ये ठसका. देवघरातले देव तेवढे सभ्य म्हणून गप्प राहिले. रविराज डोळे पुसत शिडीवरून उतरला. "काका, सेंट्रल एसी म्हणाला होतात. हा सेंट्रल ठेचा झाला."

२३ एप्रिल

जाळी पॅसेजमध्ये.

२६ एप्रिल

झालं एकदाचं. झोत शेगडीवर गेला तर ज्योत विझते, म्हणून ओट्याच्या अलीकडे वळवला. सुला उभी राहते तिथे. मीच उभा राहून पाहिलं. चक्क थंडी वाजली.

२७ एप्रिल

आज सुला फोनवर भेटली. म्हटलं, ये आता, घर थंडगार केलंय. ती म्हणाली, "अहो, उकाड्यानं गेले असं कोण म्हणालं? नांदगावला नाशिकपेक्षा जास्त ऊन आहे."

चिडली नाही. शांतपणे फोन ठेवला.

२८ एप्रिल

मग कशानं गुदमरत होतीस, सुला? तू सांग, मी मध्ये काही विचारणार नाही. तेवढं लवकर कळव.