बारीक मानेचा बोल्ट

आप्पा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण माझा राग अजून उतरलेला नाही.

शिरूरच्या आपल्या गॅरेजमध्ये तुमची नजर कमी झाली, तेव्हापासून ट्रॅक्टरची इंजिनं खोलून पुन्हा मीच भरत होते. गिऱ्हाइकांना तुम्ही सांगायचात, "पोरगी पान्हे देती." इंजिनाच्या माथ्यावर व्हॉल्व्ह उघडणारे रॉकर ज्या दांड्यावर बसतात, त्या रॉकर शाफ्टचे बोल्ट निवडणं तर पूर्ण माझ्यावर होतं. सगळे एकाच लांबीचे, सारख्याच आट्यांचे, पण त्यात एक बारीक मानेचा. त्याच्या बाजूच्या फटीतून तेल वर चढतं, म्हणून तो तेलाच्या भोकातच बसला पाहिजे. तिथं जाड बोल्ट गेला की वरचे रॉकर कोरडे पडून झिजतात. हे तुम्हीच शिकवलंत. मी बोल्ट घासलेटात धुते, हातानं फिरवून आटे बघते, मग मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे थोडे थोडे आवळत जाते. झाकण लावण्याआधी इंजिन चालू करून तेल वर आलेलं बघते. तुम्ही खुर्चीवर बसलेले. गिऱ्हाईक म्हणतं, "मिस्त्री, तुमच्या हाताला तोड न्हाई." तुम्ही मान डोलावता.

मग निमोण्याचे ते बागायतदार ट्रॅक्टर घेऊन परत आले. त्यांचं इंजिन मी थोड्याच दिवसांपूर्वी भरलं होतं, आणि आता रॉकर झिजले होते. झाकण काढलं तर बारीक बोल्ट भलत्याच भोकात. शेजारच्या एसटीडी बूथवर थांबलेली माणसंही बघायला आली. तुम्ही म्हणालात, "पोरीनं बसवलं व्हतं. बायामाणसाचं काम न्हाई ह्ये." माझं काम माझ्या नावावर पहिल्यांदा लागलं ते असं. मी म्हणाले, "आप्पा, मी तेल बघून झाकण लावलंय." तुम्ही म्हणालात, "गप. घरात जा."

पुढच्या खेपेला बागायतदारच बोलून गेले, "आवो, आमच्या मेव्हण्यानं खोललं व्हतं. झाकणातनं तेल गळत व्हतं, तर पठ्ठ्यानं समदंच खोलून परत बसवलं. मिस्त्री व्हायला निघालंय." तुम्ही हसलात. मी चहाचे कप घेऊन तिथंच उभी होते. पोरीची चूक नव्हती, एवढे चार शब्द तुम्हाला जड झाले. पान्हे पुन्हा माझ्या हातात दिले नाहीत. परका मिस्त्री ठेवलात आणि मला दौंडला देऊन टाकलंत. आई म्हणायची, त्यांच्या मनात तसं काही नव्हतं. मनात काय होतं ते मी कुठं बघायला जाऊ? बाहेर जे बोललात ते सगळ्यांनी ऐकलं.

दौंडला नवऱ्याच्या मागे लागून मी गॅरेज काढलं. परवा एक ट्रॅक्टरवाला मला बोल्ट निवडताना बघत होता. म्हणाला, "ताई, कुठं शिकला ह्ये? वडील मिस्त्री व्हते का?"

मी म्हणाले, "नाही. वडलांचं किराणा दुकान होतं."

तो नेहमीचं गिऱ्हाईक आहे, काल पुन्हा येऊन गेला. मी अजून त्याला खरं सांगितलेलं नाही.