पट्ट्याला मरण नाही

सोमवार, ३ तारीख

नातीने ही डायरी दिली. म्हणाली, आजी, रोज चार ओळी लिहीत जा, डोकं ताजं राहतं. माझं ताजंच आहे, पण पोरीचं मन मोडू नये. चौथीत शाळा सुटली तरी अक्षर मोत्यासारखं आहे. मोती जरा मोठे पडतात, एवढंच.

आज हे मुलीकडे गेले. डोळ्याचं ऑपरेशन आहे, दवाखाना तिच्या घरासमोरच. जाताना हातातलं घड्याळ काढून माझ्याकडे दिलं. दवाखान्यात वस्तू हरवतात म्हणे. परत आले की हेच घड्याळ नातीच्या हातात बांधायचं ठरलंय, तिची पहिली नोकरी लागली ना. दारापर्यंत गेले आणि परत मागे आले. म्हणाले, कपाटात ठेव. आणि हे बघ, तेलबिल लावत बसू नकोस.

मी दमते, याची काळजी. उघड बोलत नाहीत, पण माणूस कळायला एवढा संसार पुरे झाला.

मंगळवार, ४

हे घड्याळ माझ्या वडिलांनी लग्नात जावयाला दिलेलं. पुढे काच बदलली, काटे बदलले, पण चामड्याचा पट्टा तोच. तांबूस, कडेला पांढरी शिवण. सगळं श्रेय माझ्या शनिवारच्या तेलाला. वाटीत तेल, कापसाचा बोळा, आणि पट्टा पितोय तोवर पाजायचं. माणूस काय नि चामडं काय, कोरडं पडलं की संपलं.

सूनबाईला सांगितलं. म्हणाली, आई, चामडं एवढं टिकतच नाही, घामानेच कुजतं. मी म्हटलं, तुझं नसेल टिकत. त्यानंतर तिने भांडी जरा जोरातच लावली.

संकल्प: हे येईपर्यंत पट्टा असा करायचा, की नातीच्या नातीला पुरेल.

गुरुवार, ६

शनिवारपर्यंत धीर निघेना. पट्टा घड्याळातून सोडवला आणि तेलाच्या वाटीत अख्खा बुडवून ठेवला. दर आठवड्याला घोट घोट देण्यापेक्षा एकदाच पोटभर. हे म्हणाले होते लावू नकोस. बुडवू नकोस असं काही म्हणाले नव्हते.

शनिवार, ८

पट्टा काळा झालाय. भारदस्त दिसतो. थोडा वास येतो, पण तो मुरल्याचा. निथळायला सोफ्यावर ठेवला होता, तिथे डाग पडला. डाग अगदी पट्ट्याच्या आकाराचा आहे. उशी ठेवली वर.

दुपारी. मुंग्या आल्या. रांगेने पट्ट्यावर चढतायत. मुंगी खोट्या मालाला तोंड लावत नाही.

सूनबाईने स्वतःचं घड्याळ कपाटात ठेवून कुलूप लावलं. चोरांची धास्ती घेतलेली दिसते.

रविवार, ९

तेल जास्त झालं असं नाही, पण झालं थोडं जास्त. साबणाच्या पाण्यात खसाखसा चोळून काढला आणि खिडकीत उन्हाला टाकला. आता काळजी नाही.

मंगळवार, ११

वाळून वाकडा झालाय, कुत्र्याच्या शेपटीसारखा. सरळ करायला गेले तर बकलाच्या भोकापाशी चीर गेली. हल्लीचं ऊनच कडक, पूर्वीसारखं समजूतदार राहिलं नाही. इस्त्री फिरवते.

शुक्रवार, १४

इस्त्रीने पापुद्रे सुटले. वरचा एक, खालचा एक. एकाचे दोन झाले, म्हणजे तसा तोटा नाही. मधून पुठ्ठा निघाला. माझे वडील जावयाला पुठ्ठा देणाऱ्यातले नव्हते, तेव्हा हा पुठ्ठ्यासारखा दिसणारा दुसराच कुठला भारी प्रकार असणार.

आतल्या बाजूला ठसा आहे. ह्यांचं भिंग घेऊन वाचला. दुकानाचं नाव पुसलंय, पण खाली मोबाइल नंबर स्पष्ट दिसतो. आमच्या लग्नाच्या वेळी मोबाइल सोडा, अख्ख्या आळीत साधा फोनसुद्धा एकाच घरी होता. आणि वडिलांनी मोबाइल नंबरवाला पट्टा दिला. किती पुढचं बघायचा माणूस.

नातीला दाखवलं. ती तोंडावर हात दाबून बाथरूममध्ये गेली. बराच वेळ आतून हुंदक्यांसारखा आवाज येत होता. पणजोबांना पाहिलेलंही नाही, तरी किती माया.

रविवार, १६

दोन्ही भाग डिंकाने चिकटवले आणि वर पिठाचा डबा ठेवला. पट्टा डब्याला चिकटला. सुरीने सोडवला, जाड सुईदोऱ्याने शिवला. शिवण सुबक आली. पट्टा तेवढा आखूड झालाय, पण नातीचं मनगट बारीक आहे.

संध्याकाळी ह्यांचा फोन. ऑपरेशन छान झालं. मग विचारलं, घड्याळ कसं आहे? म्हटलं, मजेत आहे. पट्टा? म्हटलं, तुमचा आवाज तुटतोय हो, आणि ठेवला फोन.

मंगळवार, १८

शिवण पक्की राहिली, शेजारचं चामडंच फाटलं. माझ्या हाताला दोष देता येणार नाही. आता याला पट्टा म्हणायला वडिलांवरची श्रद्धाच हवी.

हे शनिवारी येतायत. सोमवारी नात कामावर जाणार. टेन्शन घ्यायचं नाही. घड्याळवाल्याकडे जाऊन फक्त चौकशी करायची, की जुन्या चामड्याला सांधा बसतो का. नवा घ्यायचा नाही. नवा घेतला तर सूनबाई खरी ठरेल.

गुरुवार, २०

जिन्याखालच्या घड्याळवाल्याकडे गेले. पिशवीतून घड्याळ काढलं न काढलं तोच म्हणाला, अरे, हे तर आपल्या आजोबांचं. यंदा लवकर गेला पट्टा?

त्याने काही न विचारता खण उघडला आणि पट्टा काढला. तांबूस, कडेला पांढरी शिवण. मी म्हटलं, हा तर जुना दिसतो. म्हणाला, जुना करून ठेवलाय आजी. आजोबांची सक्त ताकीद, नवा दिसता कामा नये. दरवेळी चहाच्या पाण्यात बुडवतो, पायरीवर घासतो, त्यांचं नेहमीचं भोक ताणून ठेवतो.

मग स्वतःच हसायला लागला. म्हणे, त्यांच्या घरी एक म्हातारी आहे, तेल पाजून पाजून पट्टे मारते. मी आजोबांना म्हटलं, सांगून का टाकत नाही एकदा? तर म्हणाले, तिच्या वडिलांचा पट्टा आहे रे, तो टिकायला हवा. मला मेला कुठलाही चालतो.

पट्टा बसवता बसवता विचारलं, तुम्ही कोण त्यांच्या? मी म्हटलं, शेजारी राहते. म्हणाला, मग म्हातारी माहीत असेल. मी म्हटलं, तोंडओळख आहे. चांगल्या घरची वाटते.

घरी आल्यावर जुन्या पट्ट्याचे तुकडे कचऱ्यात टाकले. मग मोबाइल नंबरचा तुकडा परत काढून घेतला. का ते माहीत नाही.

शनिवार, २२

हे आले. डोळ्यांवर काळा चष्मा. हातपाय धुवायच्या आधी घड्याळ मागितलं. पट्टा उलटा केला, सुलटा केला, नाकाशी नेऊन वास घेतला. तेलाचा वास कुठून येणार. मग माझ्याकडे बघितलं. काळ्या काचेतून काय दिसलं, देव जाणे.

म्हणाले, टिकलाय बरं का.

मी म्हटलं, जुनं चामडं आहे.

म्हणाले, हो तर. तुझ्या वडिलांची पारख.

सूनबाई म्हणाली, आई, चुकलं माझं, खरंच टिकतं हो. हे ऐकायला मी केव्हापासून टपले होते. ऐकलं आणि ठसका लागला. पाणी तिनेच आणून दिलं.

नातीच्या मनगटावर ह्यांनी स्वतः घड्याळ बांधलं. बांधताना तिच्या कानात काहीतरी सांगितलं. मला फक्त 'जिन्याखाली' एवढंच ऐकू आलं. नात माझ्याकडे बघून फार शहाण्यासारखी हसली. म्हणाली, आजी, आता माझ्या पट्ट्याला तूच तेल लावायचंस हं. ह्यांचंच रक्त.

मी म्हटलं, बघू. हल्ली हात दुखतात.

आज शनिवार. सवयीने वाटी भरली, कापूस घेतला आणि बसून राहिले. तेल वाया कशाला घालवा, म्हणून गुडघ्यांना लावलं. गुडघे तरी मूळचे आहेत. ते कुणी गुपचूप बदलून आणलेले नाहीत.