फणसाचा दरवाजा आणि नऊ ससे

२ सप्टेंबर, सोमवार पाहिंग
आज आणखी दोन ससे गेले. अकराचे नऊ. खुराड्याची कडी लावलेली, फक्त खालची एक बांबूची पट्टी सरकलेली. रक्त नाही, केस नाहीत.

माझी बायको सारिन्तेन चहा घेऊन आली. चहा ठेवताना एवढंच म्हणाली, उद्या न्योन्या गेली तर रेतनोला काय सांगायचं ते तुम्हीच ठरवून ठेवा.

न्योन्या ही करडी मादी. आमची मुलगी रेतनो तैपेईला नोकरीला गेली त्याच्या आदल्या दिवशी आईसाठी आणून ठेवलेली. तीन वर्षं झाली. मुलीशी बोलावं तशी बायको रोज सकाळी तिच्याशी बोलते. आता न्योन्या गाभण आहे, आणि रेतनो ६ ऑक्टोबरला सुट्टीवर येते आहे.

निश्चय: असं कुंपण बांधायचं की आत मुंगी शिरायची तर तिनं आधी मला विचारावं. अठ्ठावीस वर्षं पाणीपुरवठ्यात मीटर मोजले, जमिनीखालच्या गळत्या नुसत्या कानानं ओळखल्या. कुठं पाणी मुरतंय ते मला कळत नसेल तर बातू गावात कुणाला कळणार.

३ सप्टेंबर, मंगळवार पोन
गुन्हेगार नक्की: उदमांजर. बायको म्हणाली, उदमांजर रक्त सांडतं. मी म्हणालो, सगळी सांडत नाहीत.

प्लॅन कागदावर उतरवला. सहा मीटर बाय चार. सगळे ससे एकत्र, मोकळे, मातीवर. चारी बाजूंना जाळी, जाळी अर्धा मीटर जमिनीत, खाली बाहेरच्या बाजूला वळवलेली, वरूनही जाळी.

म्बाह सोइरन, म्हणजे आमचे सोइरन आजोबा, यांना बोलावलं. बांबूकामात त्यांच्यासारखा माणूस नाही, आणि वय बहात्तर असूनही ऐकून घेतात. मी तासभर समजावलं. ते प्रत्येक वाक्याला मान लववून हो म्हणाले. एकही आक्षेप नाही. म्हणजे प्लॅनमध्ये खोट नाही.

५ सप्टेंबर, गुरुवार क्लिवोन
खणणं. कंबर.

८ सप्टेंबर, रविवार पोन
जाळी पुरली. वरच्या मातीवर स्वतः उड्या मारून पाहिल्या.

आईचं भात कांडायचं लाकडी डोणं गोठ्यात धूळ खात पडलं होतं. अडीच मीटर लांब, होडीसारखं पोकळ. ते आत नेऊन पालथं ठेवलं, एका टोकाला दगड लावून उचललं. सशांना सावलीचं घर. घराण्याची वस्तू कामाला आली.

म्बाह बराच वेळ डोण्याखाली बघत उभे राहिले. म्हणाले, जागा गार आहे हो, पाक दारमो. अशा जागी कुणालाही राहायला आवडेल. इतक्या कमी बोलणाऱ्या माणसाकडून एवढी स्तुती म्हणजे खूप झालं. इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

१० सप्टेंबर, मंगळवार क्लिवोन
सगळं तयार, फक्त दरवाजा बसवायचा. फणसाच्या लाकडाचा आहे, दोन माणसांना उचलवत नाही.

वडिलांची मुहूर्ताची वही काढली, सात वारांना आमच्या जावानी पंचवाराचे पाच दिवस जोडून शुभाशुभ सांगणारी. गृहप्रवेश: उद्या, बुधवार लेगी, उत्तम. दरवाजा बसवणं: रविवार क्लिवोन, उत्तम. त्याआधी बसवला तर घरात आजारपण. आणि उद्याचा प्रवेश चुकवला तर बुधवार लेगी पुन्हा पस्तीस दिवसांनी. तोवर रेतनो येऊन परतसुद्धा जाईल.

म्हणून: ससे उद्या, दरवाजा रविवारी. मधले चार दिवस दारात चटई.

११ सप्टेंबर, बुधवार लेगी
नऊही ससे आत. चटई लावली, खाली दोन विटा.

म्बाह म्हणाले, चटई होय. मी वहीतलं पान दाखवलं. ते म्हणाले, हो, वही मोठ्या माणसाची आहे, तिच्यापुढं आम्ही काय बोलणार. मग त्यांच्या मेहुण्याच्या अंड्यांची काहीतरी गोष्ट सुरू केली, त्यातही चटई होती. मला वेळ नव्हता.

१३ सप्टेंबर, शुक्रवार पोन
चटईचा कोपरा दुमडलेला, एक वीट कलंडलेली. पांदरमान डोंगराकडून वारा फार येतो या दिवसांत. वीट सरळ केली.

१५ सप्टेंबर, रविवार क्लिवोन
दरवाजा बसला. दोन कड्या, एक कुलूप. किल्ली माझ्या गळ्यात.

बारा घरची माणसं जेवायला होती. मधे पिवळ्या भाताचा सुळका, भोवती अंडी, तळलेला सोयाबीनचा टेम्पे, कोंबडी. दुआ झाली. मी दोन शब्द बोललो. बायकोच्या मते पाऊण तास. वळणावरच्या बु मिनाह, ज्या रोज वीस-पंचवीस सशांचं मांस काड्यांना टोचून साते भाजून विकतात, त्याही म्हणाल्या, पाक दारमो, एवढं भक्कम घर तर आमच्या जावयाचंसुद्धा नाही. सगळ्यांनी वाखाणलं. बहुतेक जण जाळीच्या बाहेरूनच बघत होते, आतल्या गवताचा मान ठेवून.

मोजणी: आठ. नववा डोण्याखाली असणार.

१६ सप्टेंबर, सोमवार लेगी
बायकोला जाळीचं गणित समजावत होतो, ती मधेच न्योन्याबद्दल काहीतरी सांगायला लागली. आत खात नाही, जाळीला चिकटून बसते, स्वयंपाकघर, म्बाहची टोपली, असं काहीसं. मी म्हणालो, टोपल्यांचं तुला काय करायचं ते कर, किल्ली घे हवी तर. स्वयंपाकघर तिचं खातं. मी त्यात ढवळाढवळ करत नाही, आत पाऊलसुद्धा टाकत नाही.

१८ सप्टेंबर, बुधवार पोन
सात दिसले. पण घाबरण्याचं कारण नाही, कारण आठवी न्योन्या डोण्याखाली सापडली. तोंडाशी वाकून पाहिलं: अंधारात करडा-तपकिरी गोल फुगवटा, हालचाल नाही. दिवस भरत आलेत. (चष्मा घातला नव्हता. चष्मा पेपरसाठी.)

नववा अजून सापडत नाही. लाजरा असेल.

बायकोला सांगितलं, न्योन्या सुखरूप आहे. ती म्हणाली, हो, माहीत आहे मला. पहिल्यांदाच माझ्या कामावर तिचा विश्वास दिसला. बरं वाटलं.

२१ सप्टेंबर, शनिवार लेगी
न्योन्याला कोवळी पालेभाजी ठेवली होती, तोंड लावलेलं नाही. पुढे सरकवायला गेलो तर आतून फुस्स असा आवाज केला. लांब आणि जाड.

म्बाह शेजारीच होते. म्हणाले, सशाचा असा आवाज मी तरी ऐकला नव्हता, पाक, पण तुमचा अभ्यास जास्त. मी सांगितलं, पहिलटकरीण चिडचिडी असते. ते हो म्हणाले आणि दोन पावलं मागं सरकले. म्हातारपणी गुडघे धरतात.

बायको कालपासून स्वयंपाकघरात गुणगुणते आहे. रेतनो येणार म्हणून.

२३ सप्टेंबर, सोमवार पोन
सहा.

पुन्हा मोजले. सहा. आणि न्योन्या.

जाळीचा इंच न् इंच हातानं चाचपला. एक भोक नाही. कुलूप शाबूत, माती शाबूत. मग ससा गेला कुठं? बाहेर काहीतरी आहे आणि ते माझ्यापेक्षा हुशार आहे.

उपाय: बाहेरून जाळीचा दुसरा थर. पायाशी काचा. सगळीकडं तिखट. उदमांजराचा सापळा, आत पिकलेलं केळं.

२५ सप्टेंबर, बुधवार क्लिवोन
सापळ्यात शेजाऱ्यांची कोंबडी. तिखट माझ्याच डोळ्यात.

निरीक्षण: सगळे ससे दरवाज्यापाशी एकावर एक दाटीवाटीनं बसतात, डोण्याकडं एकही फिरकत नाही. दोन कारणं. एक, फणसाच्या लाकडाचा वास आवडतो. दोन, बाळंतिणीची खोली म्हणून मान राखतात. जनावरांना कळतं.

२७ सप्टेंबर, शुक्रवार पाहिंग
पाच.

रेतनोचा व्हिडिओ कॉल. न्योन्या दाखवा म्हणाली. फोन डोण्याच्या तोंडाशी धरला. म्हणाली, बापा, नुसता अंधार दिसतोय. मी म्हणालो, आराम करते आहे. मग बायकोनं फोन घेतला, स्वयंपाकघरात गेली, आणि मायलेकी कितीतरी वेळ हसत होत्या. इथे एकेक ससा नाहीसा होतोय आणि यांना हसू फुटतंय.

दुपारी कुंपणाबाहेर स्टूल टाकून बसलो. भीती वाटते. रेतनोनं दिलेली एकच गोष्ट सांभाळायची होती. बाकीचे गेले तरी न्योन्या राहायला हवी. ती आतल्या आत सुरक्षित आहे हाच आधार.

१ ऑक्टोबर, मंगळवार लेगी
कुंपणाच्या आत प्लॅस्टिकची एक लांबच लांब पट्टी सापडली. पातळ, जवळपास पारदर्शक, वर चौकटी-चौकटींची नक्षी. एक टोक पायाखाली धरून मोजली: तीन मीटर चाळीस. लग्नाच्या मांडवाची असेल, वाऱ्यानं आली. पण जाळीतून आत कशी आली, हा प्रश्न आहे.

म्बाहना दाखवली. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, जपून ठेवा, पाक. ज्याची आहे तो जवळच असेल. सज्जन माणूस, दुसऱ्याच्या वस्तूची केवढी काळजी. उद्या डोणं उचलायला या म्हणालो, जागा झाडून रेतनोसाठी तयार करायची आहे. म्हणाले, उद्या गुडघा दुखणार आहे.

२ ऑक्टोबर, बुधवार पाहिंग
दुपारी ४. एकटाच करतो. न्योन्याला हातानं बाहेर काढून बायकोच्या मांडीवर ठेवणार. तिचा चेहरा बघायचा आहे.

४.२०. हात खांद्यापर्यंत आत घातला. केस लागले नाहीत. गार होतं. हललं, आणि हलतच राहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

४.३०. बाहेर आहे. कुलूप लावलं. अजगर. किती दिवस मी त्याला भाजी घालत होतो.

४.४०. म्हणजे न्योन्या गेली. बाहेरून काही येत नव्हतं, मीच आत कोंडलं होतं. चटईच्या चार दिवसांत आला असणार. दरवाजा मी त्याच्यामागं बसवला, वर दुआ म्हणवून घेतली. आता बायकोला सांगायला हवं. स्टुलावर बसलोय.

७.००. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन उभा राहिलो. सारिन्तेन मिरच्या वाटत होती. म्हणाली, आत या, पण पायाखाली बघा. चुलीच्या पलीकडे म्बाहची बांबूची टोपली पालथी. टोपलीखाली न्योन्या. पोटाशी पिलं.

मी जमिनीवर बसलो आणि रडलो. लाज वाटली नाही. बायकोनं वाटणाचा हात धुतला आणि पाठीवर ठेवला. म्हणाली, दरवाजा बसला त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुम्हाला विचारून आणली मी हिला. तुम्ही किल्लीसुद्धा दिलीत. मागं पान उलटून पाहिलं. दिली होती.

३ ऑक्टोबर, गुरुवार पोन
साप पकडायला अग्निशमन दलाचे तिघे आले. म्बाहनी परवा माझ्याकडून निघाल्यावर, मला वाईट वाटू नये म्हणून न सांगता, परस्पर कळवलं होतं. गुडघा आज बरा होता. विचारलं, माहीत होतं तर स्पष्ट बोलला का नाहीत? म्हणाले, मी पहिल्याच आठवड्यात बोललो होतो, पाक. जागा गार आहे म्हणून.

अजगर पोत्यात घातला. त्यांच्या साहेबांनी सगळी जाळी तपासली. म्हणाले, काम एक नंबर. यातून आत-बाहेर काहीच जाऊ शकत नाही. बाहेर जमलेले शेजारी हसू लपवायला खाली बघायला लागले. बु मिनाहच्या डोळ्यांत तीन सशांसाठी पाणी होतं, ते मात्र खरं असावं.

तिघे माझ्यामुळं गेले. वडिलांची वही कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली. फेकवत नाही.

६ ऑक्टोबर, रविवार लेगी
रेतनो आली. वाळली आहे. बॅग अंगणात टाकून आधी स्वयंपाकघरात.

उरलेले पाच ससे म्बाहच्या नव्या खुराड्यात, पडवीत. कुंपणात बायकोनं तांदळाच्या पापड्या वाळत घातल्यात. कोंबडी नाही, मांजर नाही, चिमणीसुद्धा नाही. म्हणाली, इतकं बिनघोर वाळवण आयुष्यात झालं नव्हतं. रेतनोनं तिथं उभं राहून फोटो काढला. दरवाजा छान आहे म्हणाली. म्हणाली तेव्हा तिची नजर पापड्यांवर होती.

संध्याकाळी आम्ही तिघं चुलीपाशी. पिलांचे डोळे उघडलेत. मला मांडी घालून बसायला सांगितलं आणि एकेक पिलू दिलं. मी चष्मा आणून लावला आणि मोजली. पाच. पुन्हा मोजली, पाच. बायको म्हणाली, सहा आहेत. मी म्हणालो, अठ्ठावीस वर्षं मोजणीत काढलीत मी. रेतनोनं माझ्या नेसत्या सारोंगचा घोळ उचलला. सहावं तिथं झोपलं होतं.

उद्यापासून मोजणी सारिन्तेनकडे.