तडा गेलेल्या चाकाचा ठेका

५ जाने. ९८, सोम.
भुसावळहून पॅसेंजर लेट. तरी जळगावला कॉम्प्युटर क्लासमध्ये नवाच्या बॅचआधी पोचले. दुपारी दोन ते चार मशीनं रिकामी. साउंड कार्ड एकालाच, ते माझं. (सरांचं. पण माझं.) सॅम्पलरचा प्रोग्रॅम अखेर चालला. आवाज टिपायचा, कापायचा, कीबोर्डच्या एकेका बटणावर ठेवायचा. डब्याच्या झाकणावर चमचा मारून टिपला. एवढासा तुकडा सोळा वेळा लावला, शेवटचे चार उलटे. टक्-टरर्र-ट्, आणि मग काहीच नाही. ते काहीच नाही फार आवडलं.
सर डोकावले. "वंदना, स्पीकर गेला का?"
म्हटलं, नाही सर, असंच करायचंय.

८ जाने., गुरु.
धुळ्याचे नाना आले. त्यांचा ऑर्केस्ट्रा आहे. ऑक्टोपॅडवर ठेका वाजवणारा सोडून गेलाय, म्हणून ३१ला कॉलेजच्या गॅदरिंगमधल्या एका नाचासाठी ठेका कॅसेटवर हवाय. सरांनीच माझं नाव सुचवलं. झाकणाचा ऐकवला.
"कॅसेट अटकी ऱ्हायनी, ताई."
"अटकत नाही नाना, मी अटकवलीय."
"पोरीची जात, आनि..." पुढचं मी विचारलं नाही. काम घेतलं.

११ जाने., रवि.
झाकण पातळ पडतं. लोखंड पाहिजे. बाबांनी नोकरीभर रेल्वेच्या यार्डात चाकं वाजवली. गाडी उभी राहिली की हातोडा घेऊन डब्याडब्याशी वाकायचं, आवाजावरून तडा ओळखायचा. त्यांना सांगितलं, बिघडलेला आवाज हवाय.
"चांगलं चाक घंटेसारखं बोलतं. तडा गेलेलं बद्द. बद्द ऐकलं की गाडी सोडायची नसते. आणि तू त्याच्यावर पोरी नाचवणार?"
"हो."
कप ठेवून उठून गेले.

१४ जाने., बुध.
संक्रांतीची सुट्टी. सकाळी बाबाच म्हणाले, चल. हातोडा पिशवीत. कॉलनीमागे भंगारात ट्रॉलीचं चाक पडलंय. मी टेपरेकॉर्डर धरला, ते ठोकत गेले. फिरत फिरत एका जागी थांबले. "इथं." मला फरक कळला नाही. परत मारला, तेव्हा कळला.
मग हातोडा खाली ठेवून म्हणाले, "हा आवाज एकदा माझ्याकडून सुटला. डबा रुळावरून उतरला. कोणी मेलं नाही." घरात कुणालाच हे माहीत नव्हतं. "नीट टीप," म्हणाले, आणि अजून नऊ-दहा वेळा मारला.

२२ जाने., गुरु.
आठ दिवस एकाच आवाजावर. बद्दचे एकवीस तुकडे. ताल चालता चालता अडखळतो, मागे पळतो, परत सापडतो.
नानांनी क्लासवर येऊन उभ्याउभ्या ऐकलं. "सरळ करी दे. लोके नाचतीन कसा?"
"नाचतील."
"नाहीतर दुसरीकडून करी लेसू."
"घ्या करून."
कॅसेट त्यांच्या हातात देऊनच जिना उतरले. जिल्ह्यात दुसरं कोण करतंय हे?

३१ जाने., शनि.
धुळे. नानांनी शेवटी तीच लावली, दुसरी मिळालीच नाही. डेकजवळ मी. पडदा वर, पाच मुली. दहाव्या सेकंदाला ताल अडकला आणि मागून ओरडा, "कॅसेट बदला." शिट्ट्या. नाना बंद करायला आले. मी बटणांवर तळहात आडवा धरला. "ताई, हात काढ." नाही काढला. स्टेजवर मधली मुलगी थबकली, आणि पुढच्या वेळी ताल अडकला तेव्हा थबकायच्या जागीच पाय आपटला. मग पाचही. पुढच्या तीन रांगा टाळ्या वाजवत होत्या. मागचे शेवटपर्यंत ओरडतच होते. ओरडोत.
निवेदकानं ऑर्केस्ट्राचं नाव घेतलं. माझं नाही.

३ फेब्रु., मंगळ.
क्लासवर नानांचा फोन. चाळीसगावला लग्न आहे, ठेका पाहिजे, "पन सरळ, ताई." सांगितलं, सरळ मिळणार नाही, आणि माईकवरून माझं नाव घ्यायचं. पूर्ण. वंदना भालेराव. पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज. सर म्हणाले, हातचं काम घालवलंस. असेल.
संध्याकाळपर्यंत परत फोन नाही. शेजारच्या शिवणक्लासमधलं मशीन टिपून आणलंय. दोरा तुटतो तिथपासून कापायला घेतलं.