पिंपळनेरची तीन वर्षं

जळगाव
६ ऑगस्ट २०२४

ती. अक्का यांस,
प्रशीलचा स. जयभीम.

फोनवर मी नुसता हो हो करतो म्हणून मागच्या महिन्यात तुम्ही फोन ठेवून दिलात, तेव्हा हे पत्र. इकडे सर्व ठीक. बाबांचा गुडघा बरा आहे. आईने कळण्याच्या भाकरीचं पीठ दळून ठेवलंय आणि नणंदबाई कधी येतात म्हणून विचारते आहे.

आता कामाचं. इथे एका मोठ्या खासगी लॅबमध्ये तंत्रज्ञाची जागा निघाली आहे. अट तीन वर्षांच्या अनुभवाची, आणि माझे भडगावच्या लॅबमधले जेमतेम सात महिने. डिप्लोमा झाल्यावर अडीच वर्षं तलाठी भरतीच्या नादात अभ्यासिकेत गेली, ती कुठे दाखवू? माझा मित्र जितेंद्र, त्याच्या मामांची पिंपळनेरला लॅब आहे. ते सही-शिक्क्यानिशी तीन वर्षांचा दाखला द्यायला तयार आहेत. भडगाव मग गाळूनच टाकतो, तारखा जुळत नाहीत. अक्का, हे सगळेच करतात. सात महिनेवाल्याला दारात कोणी उभं करत नाही.

अर्जात ओळख देणाऱ्या ज्येष्ठ व्यक्तीचं नाव मागितलंय. तुम्ही धुळ्याच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तेहतीस वर्षं काढलीत, तेवढं वजनदार नाव आपल्या घरात दुसरं नाही. फोन आला तर फक्त हो म्हणायचं. एवढं भाच्यासाठी कराच, आणि लोभ वाढता ठेवा.

आपला,
प्रशील

धुळे
१२ ऑगस्ट २०२४

चि. प्रशील यास,
झुंबरबाईचे अ. उ. आशीर्वाद. रिवाज आहे म्हणून दिले.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा चष्मा नव्हता, वाटलं मीच चुकीचं वाचतेय. चष्मा लावला तर आणखीच वाईट निघालं.

सगळेच करतात हे वाचून तर मी धन्य झाले. सगळ्यांत जाऊन बसायचं होतं तर डिप्लोमा कशाला केलास? मी त्या लॅबमध्ये लागले ती काचपट्ट्या धुवायला. अकरा वर्षं धुतल्या. रात्रशाळा केली, परीक्षा दिल्या, तेव्हा कुठे साहेबांनी मला मायक्रोस्कोपला डोळा लावू दिला. मला तेव्हा पिंपळनेरचा मामा मिळाला नाही, नशीब माझं. आणि तुझी अक्कल बघ. खरे होते ते भडगावचे सात महिने, तेच तू पुसायला निघालास! अभ्यासिकेची तुला लाज वाटते. तिथे निदान तू खरोखर बसलेला तरी होतास.

एक कोडं घालते. पिंपळनेरच्या लॅबमध्ये तीन वर्षं काढलेला माणूस कोणता आजार झोपेतही ओळखेल? उत्तर कळव. माझं नाव मात्र घालू नकोस. फोन आला तर मी खरं सांगेन, आणि जरा मोठ्यानेच सांगेन.

वहिनीला सांग, पीठ ठेव, मी येते. लोभ आहे, पण आज तो दाखवायची इच्छा नाही.

तुझी आत्या,
झुंबरबाई

जळगाव
८ सप्टेंबर २०२४

ती. अक्का यांस,
तंत्रज्ञ प्रशीलचा स. जयभीम.

बघितलंत? नोकरी लागली, तुमच्या नावावाचून! जितेंद्रच्या मामांचंच नाव घातलं, आणि कोणी फोनही केला नाही. आईने पेढे वाटले. तुमच्या वाट्याचे डब्यात आहेत, पण खोट्या नोकरीचे पेढे तुम्हाला पचतील का, ते आधी कळवा.

तुमच्या कोड्याचं उत्तर मला मुलाखतीतच फुकटात मिळालं. तिथल्या मोठ्या डॉक्टर सविता मॅडम, पिंपळनेर वाचूनच खूश झाल्या. म्हणाल्या, तो सगळा आदिवासी पट्टा, मग सिकलसेल तर तुमच्या हातचा मळ असेल. मी मान हलवली. घरी येऊन यूट्यूबवर पाहून घेतलं. वीस मिनिटांचं काम आहे. आता दर गुरुवारी सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत सिकलसेलचं शिबिर असतं, ते माझ्याकडे दिलंय. सोबत दुसरा तंत्रज्ञही देत नाहीत, अनुभवी माणसाला कशाला हवा म्हणाल्या.

अक्का, जमाना बदलला. अकरा वर्षं पट्ट्या धुण्याचे दिवस गेले. राग सोडा आणि भाच्यावरचा लोभ पूर्वीसारखा करा.

आपला,
प्रशील

धुळे
१३ सप्टेंबर २०२४

चि. प्रशील यास अ. उ. आशीर्वाद.

वीस मिनिटं! मला मेलीला उगाच वर्षं लागली.

जमाना बदललाय ना, मग नीट वाच. द्रावणात रक्त टाकलं आणि नळी गढूळ झाली, नळीमागच्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा झाल्या, म्हणजे रक्तात सिकलसेलचा दोष आहे. एवढं तुझ्या यूट्यूबने सांगितलं असेल. पण तो दोष आई-बाप दोघांकडून आला की एकाकडूनच, हे त्या नळीला कळत नाही. ते दुसरी तपासणी सांगते, ती शहरात होते. दोघांकडून आला तर माणूस आजारी. एकाकडून आला तर तो नुसता वाहक, सहसा चारचौघांसारखा धडधाकट. म्हणून दुसरा रिपोर्ट येईपर्यंत तोंड उघडायचं नसतं. पिंपळनेरच्या लॅबमध्ये काचपट्ट्या धुणारी बाईसुद्धा हे जाणते, तंत्रज्ञसाहेब.

आजच्या आज त्या सविता मॅडमकडे जा आणि खरं काय ते सांग. नोकरी जाईल. जाऊ दे. मला भीती तुझी नाही, ज्यांच्या दंडाला तू पट्टा बांधशील त्यांची वाटते. पेढे नकोत. पत्र पोचल्याचं कळव.

तुझी आत्या,
झुंबरबाई

जळगाव
१ ऑक्टोबर २०२४

ती. अक्का यांस,
स. जयभीम.

तुमचं १३ तारखेचं पत्र मी आज फोडलं. शिव्याच असणार म्हणून कपाटावर टाकून ठेवलं होतं.

१९ तारखेच्या शिबिरात ललिता नावाची मुलगी आली. बारावी झालेली, धुळ्याला नर्सिंगच्या यादीत नाव लागलेलं, आठवड्याने जायची होती. तिची नळी गढूळ झाली. लोक भोवती उभे होते आणि मला सर सर म्हणत होते. मी तिथल्या तिथे तिची आई गुंताबाई यांना सांगितलं की पोरीला सिकलसेल आजार आहे, जपा, दगदग नको. छान समजावून सांगितलं असं मला वाटलं. काल दुसरा रिपोर्ट आला. ती फक्त वाहक आहे.

गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंच्या हाती तो कागद पाठवला. गुंताबाई मानत नाहीत. आजारी पोर बाहेरगावी पाठवायची नाही म्हणून वडिलांनी, सुकलालभाऊंनी, प्रवेश सोडून दिलाय. मी फोन केला तर गुंताबाई म्हणाल्या, तू तीन वरीसना अनुभवी माणूस, तू म्हन्ना पोर आजारी शे, मग पहिलं खरं का हाऊ आतेना कागद? मी फोन ठेवला. मॅडमना अजून माहीत नाही. अक्का, मी काय करू? हवं तितकं बोला, पण लोभ काढून घेऊ नका.

आपला,
प्रशील

धुळे
४ ऑक्टोबर २०२४

चि. प्रशील यास,

काय करू म्हणून पत्र लिहीत बसलास? आणि फोन उचलत नाहीस. हे पत्र जळगावच्या एसटीत कंडक्टर भाईदासच्या हाती देते आहे, संध्याकाळपर्यंत तुझ्या घरी येईल. हे कपाटावर टाकू नकोस.

मी आज नर्सिंगच्या शाळेत जाऊन आले, या गुडघ्यांनी तीन मजले चढून. रिकाम्या जागांची फेरी दहा तारखेपर्यंत आहे. पोरीचा फॉर्म अजून आत आहे. तेव्हा उद्याच जा. पहिलं खोटं का हे त्या बाईला कळायला हवं असेल, तर तुझी तीन वर्षं खोटी होती हे सांगावं लागेल. दुसरा रस्ता नाही. चारचौघांत आजारी म्हणालास, तर चारचौघांतच सांग. आधी मॅडमकडे जा, मग गावात. कोपऱ्यात नेऊन कुजबुजलास तर तू माझा कोणी नाहीस.

आशीर्वाद काम झाल्यावर.

झुंबरबाई

जळगाव
१४ ऑक्टोबर २०२४

ती. अक्का यांस,
धम्मचक्र दिनाचा स. जयभीम.

पाच तारखेला सकाळी मॅडमना सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. ओळखपत्र काढून टेबलावर ठेवायला सांगितलं आणि माझे जुने सगळे रिपोर्ट पुन्हा तपासायला बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुपारी गावात गेलो. आशाताईंच्या ओट्यावर तेच लोक जमवले. सांगितलं की मी पिंपळनेरला एक दिवसही काम केलेलं नाही, दाखला खोटा होता, ही तपासणी मला येतच नव्हती. गुंताबाईंनी ऐकवायचं ते ऐकवलं, ते इथे लिहीत नाही. शेवटी सुकलालभाऊंनी एवढंच विचारलं की धुळ्याची गाडी किती वाजता असते.

आता पुन्हा अर्ज करतोय, भडगावच्याच लॅबमध्ये. त्यात लिहिलंय : भडगाव सात महिने, अभ्यासिका अडीच वर्षं, जळगावला एक महिना, खोट्या दाखल्यामुळे काढलं. ओळखीच्या नावाची जागा कोरी आहे. विचारायचं तोंड नाही, तरी विचारतो. नाही म्हणालात तरी माझा तुमच्यावरचा लोभ आहेच.

आपला,
प्रशील

धुळे
१८ ऑक्टोबर २०२४

चि. प्रशील यास,
झुंबरबाईचे अ. उ. आशीर्वाद. हे मनापासून.

अक्षर अजून कोंबडीने पाय फिरवल्यासारखंच आहे, पण मजकुराने वाचवलं.

ललिताचा प्रवेश नऊ तारखेला झाला. मी शाळेतच वाट बघत होते, तुझं नाव न काढता सोबत गेले. वसतिगृह चांगलं आहे. रविवारी माझ्याकडे जेवायला आली. पोर हुशार, डोळे स्थिर. घरातले फोटो बघत होती. तुझ्या फोटोपुढे थांबली आणि मला विचारलं, आजी, हा शिबिरातला माणूस तुमचा कोण?

प्रशील, तेहतीस वर्षांत मी एक खोटा रिपोर्ट दिला नाही. त्या क्षणी मात्र ओठांवर आलं होतं की कोणी नाही, शेजाऱ्यांचा आहे.

भाचा म्हणून सांगितलं. मग तिला वाढलं.

अर्जात माझं नाव घाल. फोन आला तर जे लिहिलंयस त्याला मी हो म्हणेन.

तुझी आत्या,
झुंबरबाई