भाऊजींच्या बैलजोडीची खुशाली

तीर्थस्वरूप जानरावभाऊजी, मुक्काम बाळापूर, यांच्या पायाशी भातकुलीहून धाकटा साळा खुशालराव याचा दंडवत. (पाया पत्रातूनच पडतो, समोर येत नाई. काहून, ते पुढे समजन.) तुमचा गुडघा आता कसा आहे? त्याले तेल लावत जा. दुर्गाबाईले तिच्या भावाचा नमस्कार सांगा, पन हे पत्र तिले वाचून दाखवू नका. तुमची पटात धावनारी बैलजोडी, ढवळ्या अन् पाखऱ्या, मजेत आहे. माह्यापेक्षा चांगलं खाऊन राहिली. माघातल्या शंकरपटाच्या शर्यतीआधी परत द्यायची या बोलीवर कापूस वाहाले तुमी ती गाडीसकट मले दिली, अन् देताना म्हटलं का, खुशाल, पोटच्या पोरावानी जप. ते मी विसरलो नाई. जोडी ठणठणीत आहे एवढं आधी लिहून ठेवतो, बाकीचं सावकाश.

आता तुमी म्हनसान का या खुशालले इंग्रजीचं याड कुठून लागलं. तं ऐका. अमेरिकेत भाऊबंद आपसात लढून राहिले म्हनते, अन् त्यापायी विलायतेले आपल्या वऱ्हाडी कापसाबिगर झोप नाई. अमरावतीत ज्याच्या वावरात चार बोंडं फुटली तो बी रेशमी फेटा बांधून हिंडते. मी बी बांधला. (निळा आहे. आमच्या घरची जमुना म्हनते, फेटा नवा असला तरी खालचं डोकं तेच आहे.) फेटा बांधल्यावर वाटलं का मधात दलाल काहून ठेवा, कापूस घेनाऱ्या साहेबाशी आपनच त्याच्या भाषेत बोलावं. साहेबाच्या कचेरीत मोरोपंत नावाचे पुण्याकडचे कारकून आहेत. त्यायनं सांगितलं का इंग्रजीत क्रियापद एकटं फिरत नाई, मागं एक शेपूट असते. अप, डाऊन, आऊट, आफ्टर. शेपूट बदललं का अर्थ बदलला. मी म्हटलं, मंग झालं, आपन वऱ्हाडी मानसं शेपूट पाहूनच बैल पारखतो. पंत हसले. पुण्याच्या मानसाले आपल्या अकलेचं हसूच येते.

माही रीत अशी ठरली. रोज साहेबाच्या बंगल्यासमोर निंबाखाली बसायचं, साहेब काय बोलते ते ऐकायचं, अन् त्यावर मानसं काय करते ते पाहायचं. जे केलं तो अर्थ. साहेब 'हरी अप' म्हने, की खानसामा भांडी वाजवे, पन जागचा हाले ना. म्हनजे हरी अप, आवाज करा. मडम काही बोलू लागली का साहेब 'पुट अप विथ' असं काहीतरी पुटपुटे अन् टोपी घालून बाहेर पडे. म्हनजे बायकोनं तोंड उघडलं का घरातून निघनं. (हा शब्द मले लय आवडला. घरी वापरून पाहिला. जमुना म्हने, जा, पन जेवाले येऊ नका.) साहेब घोड्याकडे बोट करून मोतद्दाराले 'लुक आफ्टर' म्हने, अन् मोतद्दार घोडा सोडून फाटकाबाहेर घेऊन जाये. तव्हा लुक आफ्टर म्हनजे जनावर सोडून बाहेर नेनं, यात शंकाच नव्हती. म्हनी मात्र त्या लोकायच्या उरफाट्या आहेत. पंत म्हनाले, संकटाले सामोरं जायचं असलं का साहेब म्हनते, बैलाचं शिंग धरा. मी म्हटलं, शिंग धरलं तं संकट येते, जाते कुठून.

अन् तसंच झालं. एक दिवस कापसाची गाडी घेऊन बंगल्यावर गेलो. साहेब घोड्यावरून उतरला, पाखऱ्याच्या पाठीवर थाप मारली, ढवळ्याचं शिंग धरून कुरवाळलं, अन् माह्यापुढे हात केला. हातात पांढरा मोजा. आता भाऊजी, तुमीच सांगा. आपल्या बाजारात सौदा कसा होते? बोलनं नाई, चालनं नाई, हातावर उपरनं टाकायचं अन् खाली बोटं दाबायची. बोटावर भाव समजते, अन् हात दाबला का बापाले बी सौदा मोडता येत नाई. इथं बैलावरून हात फिरवून झालेला, हातावर कापड, कापडाखाली बोटं. साहेबानं पंजा दाबला, वरून हलवून पक्का बी केला. मी काय करू? नाई म्हनाले तोंड उघडलं होतं, पन भातकुलीच्या मानसानं दाबलेला हात कधी मागं घेतला नाई. मी बी दाबला. तुमचे बैल सोडले, साहेबाच्या निंबाले बांधले, शेजारच्या सूर्यभानचे बैल मागून गाडी घरी आनली. पाखऱ्या मान वळवून पाहून राहिला होता. रस्ताभर रडलो, हे बी लिहितो, फेटा निळा होता म्हनून काय झालं.

जमुनाले सांगितलं. तिनं आधी घरातली पोरं मोजून घेतली. मंग म्हने, भाऊजीनं पोरावानी जपाले सांगितलं होतं नं, आता बैल परत आनल्याबिगर उंबऱ्याच्या आत पाय टाकू नका. तं दुसऱ्या दिवशी साहेबापुढे उभा राहिलो, बैलाकडे बोट केलं अन् स्वच्छ इंग्रजीत म्हटलं, लुक आफ्टर. साहेबानं मान हलवली अन् बैलायले चना घालाले लावला. वाटलं, आपन हळू बोललो. पुढच्या खेपेले ओरडून म्हटलं, तं बैलाच्या पाठीवर झुली आल्या. त्याच्या पुढच्या खेपेले हात जोडले, डोळ्यात पानी आनलं अन् म्हटलं, लुक आफ्टर, साहेब, लुक आफ्टर. तव्हा साहेबाचे बी डोळे भरले, अन् त्यानं बैलायसाठी वेगळा मानूस ठेवला. जोडीची खुशाली आहे ती ही अशी.

मोठ्यानं लहान्यावर राग धरू नये, अन् धरला तं गुडघा बरा होईपर्यंत इकडे येऊ नये, ही विनंती.

तुमचा (सध्यातरी) साळा,
खुशालराव

ता. क. वरचं लिहून झाल्यावर हिंमत करून मोरोपंताले सारी गोठ सांगितली. ते भिंतीले टेकले. म्हने, "अहो खुशालराव, हात धरणं हा साहेबाचा रामराम आहे, त्यानं तुमचं काही विकत घेतलेलं नाही. आणि लुक आफ्टर म्हणजे सांभाळा. तुम्ही रोज येऊन बैल सांभाळा म्हणता, तो बिचारा सांभाळतो आहे. तुम्ही काशीला निघालात असं त्याला वाटतं." म्हनजे सौदा झालाच नाई. जोडी तुमचीच आहे. हे आधीच लिहिनार होतो.

ता. क. दुसरं. पंतानं साहेबाले समजावून सांगितलं, पन भोळेपनानं हे बी सांगून टाकलं का बैल माहे नाईत. आता साहेब म्हनते, मालक स्वतः आल्याबिगर दावं सोडनार नाई. तव्हा गुडघ्याचं मनावर घेऊ नका, लवकर निघा. पटाले अवकाश आहे, पन चना खाऊन पाखऱ्या आता उठायच्या आधी विचार करते, त्याले पळवून पळवून हलका करावा लागन. साहेबानं हात पुढे केला तं दुरून नमस्कार करा, हात बगलेत ठेवा.

ता. क. शेवटचं. आज कापूस घेऊन पुन्हा बंगल्यावर गेलो होतो. साहेबाले माह्या सौद्याची गोठ समजली होती, तो पोट धरून हसला अन् त्यानं हात पुढे केला. हा रामराम आहे हे मले पुरं ठाऊक होतं. पन हात गेला, अन् गेला तो बोटं दाबूनच आला. साहेबाचा दुसरा हात तव्हा गाडीच्या चाकावर होता. पंत शपथ घेऊन सांगते का काई झालं नाई, पन हात दाबला होता, भाऊजी. सूर्यभानचे बैल सोडून घेतले अन् गाडी तिथंच ठेवून आलो. ती बी तुमचीच. म्हनून येताना कोनाची तरी गाडी मागून या, अन् ती फाटकाबाहेरच उभी करा.